पपईला लाकूड नसतं

चाळीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न केले.
सागाची फळी हातात आली की
कडेच्या रेघा मोजून सांगायचो
झाड केवढं होतं, कुठल्या साली तहानलं.

रुकडीच्या नर्सरीतला बाबगोंडा म्हणाला,
"तीन वरसं. लईच झालं तर चार.
आंब्यागत जीव लावू नगासा."
आणि एका खड्ड्यासाठी तीन रोपं दिली,
कारण नर की मादी
हे फुलल्याशिवाय पपई स्वतःलाही सांगत नाही.

बावड्यात घरामागं माझी जागा, आठ बाय सहा.
पाचव्या महिन्यात दोघांनी
लांब देठांवर फुलांचे झुबके सोडले.
करवत घेऊन गेलो. करवत लागलीच नाही.
मुळ्यातून जावा तसा विळा गेला,
मनगटावर पांढरा चीक.
रात्री जेवताना बोटं चुरचुरत होती.
"फुलावर आलेली झाडं का वं तोडलासा?"
कुंपणापलीकडून हौसाक्का.
मी म्हटलं, "रिजेक्ट."
शब्द गेला तो गेला.

उरलेलीनं पहिलं फळ कमरेशी दिलं,
वाकून तोडलं.
पुढच्या वर्षी हात वर करून.
मग स्टूल.
मग बांबूला फाटकी पिशवी बांधून, मान मोडेपर्यंत.
ती वर जात राहिली
आणि फळ लहान होत गेलं,
शेवटची तर लिंबाला लाजवतील अशी.

तिच्यात वर्षांच्या रेघा नाहीत.
आत लाकूडच नाही,
कोअर पाडून टाकलेल्या कास्टिंगसारखी पोकळ.
पण बाहेरून
गळलेल्या प्रत्येक पानाचा एक वण.

बोट फिरवत वर जायचं.
इथं दाटीवाटी : तो मे, नळाला दिवसाआड पाणी.
इथं ऐसपैस : श्रावण.
इथं पुन्हा गर्दी :
लेकीच्या बाळंतपणाला बेळगावला होतो,
महिनाभर बादली उपडी.
आणि छातीच्या जरा वर हा एक, तिरका.
त्या आठवड्यात कारखान्याचं शटर
खाली आलं ते आलंच.
त्याचा पपईशी काय संबंध?
काही नाही.
वण मात्र तिथंच आहे.

चौथ्या पावसात पंचगंगा घरापर्यंत आली नाही,
जमिनीखालून आली.
खड्ड्यात तीन दिवस पाणी.
पानं पिवळी होऊन कलली,
आणि एका रात्री ती पडली
तर आवाजसुद्धा झाला नाही.
सकाळी हौसाक्कांचा नातू
देठाची पुंगळी करून फुंकत होता,
तेव्हा कळलं.

वीतभर खोड कापून
सागाच्या जुन्या पॅटर्नशेजारी फळीवर ठेवलं.
पंधरा दिवसांत त्याची जाळी झाली.
आरपार दिसतं. उचललं तर वजनच नाही.

बाबगोंडाला फोन केला.
"तीन घेऊन जावा परत," म्हणाला,
"पन त्याच खड्ड्यात नगो. जागा बदला."

टेप घेऊन मागं गेलो.
आठ बाय सहा.
खड्डा मधोमध.