मे महिन्यातली उंची

तोताराम फिरके, हवाई दलातून निवृत्त,
इंजिन फिटर, वीस वर्षं, त्यातली तीन लेहला.
माझे चुलते. सावद्यात त्यांना 'इमानवाले' म्हणतात,
आमच्या बोलीत विमान आणि इमान
एकाच शब्दात बसतं.

दुपारचे दोन. तापीच्या पात्राकडून वर येणारा चढ.
ट्रॉलीत केळीचे अडीचशे घड
आणि ट्रॅक्टर अर्ध्यावर बसला.
धूर काळा, आवाज घोगरा.
मी मेकॅनिकच्या सात पिढ्या काढून झाल्यावर
आठवीला हात घालणार, तेवढ्यात काकांनी
खिशातून थर्मामीटर काढला
(लोक पेन ठेवतात, हे थर्मामीटर).
सेहेचाळीस.
"इंजिनाले काही झालं नही रे. हवा पातळ झाली."

हवा पातळ?
वरण पातळ होतं. ताक पातळ होतं.

मग ते उकिडवे बसले आणि धुळीत
केळीच्या देठानं एक धावपट्टी ओढली.
"साडेदहा हजार फूट.
तिथं इंजिन तीन घास घेतं, त्यातला एक रिकामा.
खालच्या तळावर जे इमान उडी मारून उठायचं
ते तिथं धावायचं, नुसतं धावायचं,
पट्टी संपत आली तरी चाकं जमिनीवर.
आम्ही हँगरच्या दारात पाय रोवून
मनातल्या मनात ढकलायचो."

म्हणून सगळं पहाटे.
तक्त्यात लिहिलेलं असायचं: पारा एक अंश चढला
की एवढे किलो कमी.
एकदा उशीर झाला. ऊन डोंगरावरून पट्टीवर उतरलं,
पारा चढला, आणि काकांनी टाकीतून तेल काढायला घेतलं.
वैमानिक पंचविशीचा. वरून वाकून विचारता झाला,
परतीचं काढताय का?
"हो म्हटलं. इथं परतू नका, खालच्या तळावर उतरा."
तो हसला, काच बंद केली.
तो उतरल्याचा फोन संध्याकाळी आला.
तोवर काकांच्या हातात पाना होता.
कशाला होता, ते त्यांनाही सांगता येत नाही.

मग मध्येच, काही संबंध नसताना,
काकूनं पाठवलेल्या वेफर्सच्या पिशवीचं सांगू लागले.
इथे चपटी, मेणबत्तीवर तोंड बंद केलेली,
तिथे पोचली तेव्हा ढोलासारखी फुगलेली.
"सावद्याची हवा होती ना आत. जाड.
आठ दिवस फोडली नही मी. उशाशी ठेवली.
फोडली तेव्हा फुस्स झालं,
तेवढ्या वाऱ्याले आपल्या घरचा वास होता."

धुळीतली धावपट्टी त्यांनी तळव्यानं पुसली.
"इंजिनाले भूगोल नही समजत.
एका श्वासात हवा किती, एवढंच ते मोजतं.
मे महिन्यात दुपारी दोनले, त्याच्या हिशेबानं,
आपलं सावदा महाबळेश्वराएवढं उंच असतं."

मी खाली पाहिलं.
तापी होती तिथेच होती. केळीची पानं चिरलेली.
मागे सातपुडा, उन्हात विरघळल्यासारखा.
मी घाम पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा
थोडा जपून श्वास घेतला.

साठ घड उतरवले. बाभळीखाली पाचोळा पसरून
बाळंतिणीसारखे हळू निजवले.
ट्रॅक्टर कुरकुरत चढला.
काका आले नाहीत. म्हणाले, मालाजवळ कुणीतरी पाहिजे,
आणि पहाटे चारला ये, आधी नको.

चारला गेलो. एकोणतीस.
हवा अंगाला लागत होती, वजन असल्यासारखी.
साठच घड, इंजिन खणखणीत,
चढ कधी संपला कळलंही नसतं,
पण आरशात पाहिलं, तर मागे लाल दिव्याच्या उजेडात
इमानवाले उभे होते,
पाय रोवून, दात आवळून,
हात कशालाही न लावता
ढकलत.