चौऱ्याण्णव सोंगट्या

ताम्पेरेतल्या जुन्या सूतगिरणीचा तिसरा मजला.
माग गेले, आता आम्ही बसतो.
मी एका नावाड्यासाठी भाषा कातरते आहे.

नावाडी खोटा, तळंही खोटं.
खेळणाऱ्याने त्याच्याशी बोलावं, पैलतीरी जावं,
एवढीच गोष्ट.
पण मोकळं बोलू दिलं की लोक काहीही विचारतात,
निवडणुका, हवामान, तू खरा आहेस का,
आणि तो बिचारा बघत राहतो.
म्हणून चौऱ्याण्णव सोंगट्या, प्रत्येकीवर एक चित्र.
ओळीत मांडल्या की वाक्य.

'कदाचित' मी मार्चमध्येच काढला.
'म्हणून' काढला; कारणं ज्याची त्याने ओळखावीत.
'पण' काढला तेव्हा तुओमास आठवडाभर बोलला नाही,
बोलला तेव्हा पहिला शब्द तोच.
'माफ कर' मात्र ठेवलं.
त्याच्यावाचून माणसांचं कसं निभावणार?

नोव्हेंबरातल्या शुक्रवारी चाचणीला उंतो आला,
कागद गिरणीतून निवृत्त, डाव्या कानाने बहिरा.
सगळे मांडतात: मी, देणे, नाणं, तू, नेणे.
त्याने मांडलं: तू, थकणे, प्रश्न.
मग नाक खाजवून: मी, वल्हे.

व्याकरणात बसत होतं.
उत्तर आमच्यापैकी कुणी लिहिलंच नव्हतं.
पडद्यावर नावाडी गप्प, पाणी हलत राहिलेलं.
मी वहीत टिपलं: दोष क्रमांक दोनशे सहा.
'बरोबर आहे की,' उंतो म्हणाला,
'मीही गप्पच बसलो असतो.'

मग त्याने हात वर केले.
यंत्रापाशी स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा नाही,
तिथे एकतीस वर्षं त्यांनी चाळीसेक खुणांवर काढली.
मनगट फिरवलं: रीळ बदल.
दोन बोटं गळ्याशी: साहेब येतोय.
तळहात छातीवर सपाट: मुलगी झाली.

'आणि माफ कर?'
तो आठवत राहिला,
खाली धबधब्यावरचे दिवे लागेपर्यंत. इथे ते तीनलाच लागतात.
'तशी खूण नव्हती. कॉफी आणून ठेवायचो शेजारी.
साखर त्याला लागते तेवढी.'

सोमवारी मी 'माफ कर' पुसलं.
त्या जागी कप काढायला दोन दिवस गेले,
वाफ काही केल्या जमेना, धूर वाटायची.

दोनशे सहा अजून उघडाच आहे.
तुओमास रोज विचारतो, बंद करू?
आज मी न बोलता त्याच्या टेबलावर कप ठेवला.
एक घोट घेतला त्याने, आणि म्हणाला,
'पण...'