चार कड्या

ओरावाच्या डोंगरात, नाताळच्या आदल्या संध्याकाळी
पहिला तारा दिसला की
आमच्याकडे टेबलाचे पाय साखळीने बांधतात.
साखळी गाईची. गाय कधीच विकली.
लोखंडाला अजून गोठ्याचा वास आहे,
किंवा तो आहे असं मला वाटायला आवडतं.

का बांधायची?
पाद्रीबाबा म्हणायचे, घर एकत्र राहावं म्हणून.
हेर्मीनाआत्या म्हणायची, लांडगे शिरू नयेत म्हणून,
आणि हळूच पुढे,
'गुरं राहतात दावणीला. माणसं कुठली?'
बाबा कोबीच्या सारात चमचा फिरवत म्हणत,
'टेबल डुगडुगतं म्हणून. वाढा आता.'

आमच्या साखळीला मात्र एक नाडी आहे.
निळी होती; धुऊन धुऊन राखेच्या रंगाची झाली.
मागच्या डाव्या पायापासून पुढच्या डाव्यापर्यंत
साखळी पोचत नाही, तिथे ती.
तिची गोष्ट जेवताना कुणी काढत नाही.
मला ती आत्याने भांडी घासता घासता सांगितली.

अडुसष्टच्या ऑगस्टात रणगाडे आले
आणि व्हेंडेलीनकाका सायकलवरून स्टेशनात गेला.
सायकल परत आली. शेजाऱ्याबरोबर.

त्या डिसेंबरात आई टेबलाखाली वाकली
तर साखळी अपुरी.
चार कड्या बाबांनी कापल्या होत्या,
कुणाला न विचारता, फाटक बांधायला.
ते रात्रभर आपटायचं,
आणि काकाची आई दर आवाजाला उठून बसायची.

आई काही बोलली नाही.
एप्रनची नाडी ओढून काढली, गाठ मारली.
मग एकेकाच्या कपाळावर मधाचा क्रूस काढत गेली.
रिकाम्या खुर्चीपाशी बोट जरा थांबलं.
तिने ते चाटून टाकलं.

झालं. एवढीच आमची परंपरा.

यंदा डब्लिनहून लेकीचा फोन:
'सायकलची साखळी चालेल? कुलपासकट आहे.'
चालेल, म्हटलं.
पलीकडे काहीतरी पडलं, हसणं,
मला नीट न कळलेलं कुणाचं तरी नाव.
'पण आई, माझ्या एप्रनला नाडीच नाही,
नुसतं गळ्यात अडकवायचं आहे. आता?'

साखळी पुरते आहे ना, मग कशाला,
असं ओठांवर आलं होतं.
म्हटलं, 'बुटाची घे.'