मेणाचा हिशेब

आमच्या लाकडी चर्चच्या अंगणात पत्र्याच्या दोन पेट्या.
एकीवर लिहिलंय : जिवंत. दुसरीवर : निजलेले.
मेणबत्ती कुठे लावायची, एवढंच ठरवायचं असतं
मारामुरेशच्या या थंडीत.

पारास्किवा दर रविवारी दोन्हींच्या मधे उभी राहते.
इलारिऑन बोटीवर गेला त्याला अकरा वर्षं झाली;
ना पत्र, ना प्रेत.
ज्योत बोटांपर्यंत उतरते.
मी काय बोलणार? मी घंटा वाजवणारा,
मेण खरवडणारा माणूस.

ईस्टरच्या रात्री सगळे दिवे मालवतात.
पाद्रीबाबा आतून एक ज्योत घेऊन येईपर्यंत
असा काळोख
की पेट्यांवरची अक्षरं वाचता येत नाहीत.
तेवढा वेळ
तिचे खांदे सैल पडलेले असतात.

प्रभू उजेड आहे, हे लहानपणीच पाठ झालं.
काळोखही त्याचाच तळवा असेल,
डोळ्यांवर अलगद ठेवलेला,
हे कुणी शिकवलं नव्हतं.

पहाटे मी दोन्ही पेट्या खरवडतो.
जिवंतांचं मेण, निजलेल्यांचं मेण
एकाच डब्यात वितळवतो,
नव्या मेणबत्त्या ओततो.
त्यातलीच एक
पारास्किवा चिल्लर मोजून घेते.

पाद्रीबाबांना यातलं काही ठाऊक नाही.