नळाच्या तोंडातली तार

मंगळवारी रात्री पाणी आलं आणि गेलं.
बझर गप्प.
सकाळी गंगव्वाच्या दारात सात घागरी काठोकाठ,
आमच्या पिंपाचा तळ उघडा.

वडगावात आमच्या गल्लीला पाणी आठवड्यानं,
कधी रात्री दीडला, कधी पहाटे,
म्हणून तर हे केलं होतं:
एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, खेळण्यातला बझर,
नळाच्या तोंडात सोडलेल्या दोन तारा.
पाणी टेकलं की ओरडायचं, एवढंच काम.

साडेअकराला माग थांबले.
खटखटाट अजून भिंतीत आहे.
कांड्यांच्या डब्यातून मीटर काढला,
बोर्ड पालथा घातला.

बॅटरी आठ पॉइंट सात. जिवंत.
बझर उशीखाली दाबून थेट लावला. किंचाळला.
रेझिस्टरचे पट्टे बल्बाखाली फिरवले:
कंदू, कप्पू, कित्तळे.
रंग मला अजून हुक्केरी सरांच्याच तोंडून येतात.
आयटीआयच्या त्या एका वर्षात
आकडे मराठीत लिहिले, रंग कन्नडात पाठ झाले;
तपकिरी म्हटलं तर एक आठवतच नाही.
दहा हजार ओहम. मीटर म्हणतो नऊ हजार आठशे.
चालतंय की.

ट्रान्झिस्टरवर माझा पहिल्यापासून संशय.
तीन पायांचा, काळा, अर्ध्या हरभऱ्याएवढा,
भंगारातल्या टेपमधून उपसलेला.
मधल्या पायाकडून एकीकडे शून्य पॉइंट सहा सहा,
दुसरीकडे सहा चार.
उलटं धरलं तर काहीच नाही.
म्हणजे निर्दोष.
फुंकर मारून परत डाख दिला, हीच माफी.

मग पेल्यात पाणी, पाण्यात तारा.
गप्प.

प्रत्येक माणूस खरं बोलतो
आणि सगळं मिळून घर खोटं बोलतं,
असं फक्त सासरी होतं, आक्का म्हणायची.

तारा मोटार-वाइंडिंगच्या दुकानातल्या, फुकटच्या,
चकचकीत, नागड्या तांब्यासारख्या.
नागड्या नव्हत्याच.
अंगावर वार्निशचा पातळ पदर,
डोळ्याला दिसत नाही, पाण्याला कळतो.
बोर्डाकडच्या टोकाला तो डाखाच्या आचेनं जळाला होता,
नळाकडच्या टोकाला शाबूत.
आणि मी सगळ्यांची झडती घेतली,
तारेला विचारलंच नाही.

ब्लेडनं खरवडलं, बोटभर.
खाली गुलाबी तांबं.
पेल्यात सोडलं.

एवढ्यानं ओरडला की पेला सांडला.
समोरची कडी वाजली.
गंगव्वा, केस मोकळे, काखेत घागर:
"नीर बंदाव?"
मागून बोंगाळ्यांचा थोरला, दोन बादल्या, एकच चप्पल.
नळ कोरडा. सगळे माझ्याकडे.
मी रिकामा पेला दाखवला.

गंगव्वानं दोन बोटं जिभेवर ओली केली, तारांना लावली.
बझर कुरकुरला, बारीक, झोपेतल्यासारखा.
तिनं घागर खाली ठेवली.
परत लावली. परत. हसू आवरेना.

"नंगू ओंद माडिकोड."
देते की करून.
बॅटरी तुझी, तार माझी,
दोन्ही टोकं खरवडलेली.