एका बटणाखाली

गंगव्वानं गोकाकहून आणलेला करदंट
सुमतीनं लॅपटॉपवर वाकूनच खाल्ला.
रात्री ‘ल’ दाबला तो वर येईचना,
पडदाभर लललललल,
कुणी पाळणा हलवत बसल्यागत.

दुकानदार म्हणाला, अख्खा कीबोर्ड बदला, अठराशे.
मी म्हटलं, राहू दे बा.

चार्जर काढला, लॅपटॉप बंद केला,
बाद सिमकार्डाचा कोपरा घालून बटण उचकटलं.
खाली तीळभर गूळ, पापणीचा एक केस
आणि तंबाखूची भुकटी; निपाणीत ती कुठंही असते.
कापसाला स्पिरिट लावून पुसत गेलो,
सुई टोचण्याआधी दंड पुसतात तसं.
तेवढ्यात पांढरी क्लिप टुणकन उडाली.
दोघं गुडघ्यांवर, तोंडात टॉर्च.
सापडली माझ्याच लुंगीच्या घडीत.

टक्. बसलं.

दिवसभर ती लोकांचे अर्ज कन्नडात टाइप करते,
रात्री गडहिंग्लजच्या बहिणीला मराठीत चार ओळी.
बटण तपासायला तिनं आधी कन्नडात लिहिलं, बेल्ल,
मग आपल्यात, गूळ.
दोन्हींना बोट तिथंच पडलं.

शिफ्ट तेवढं अजून चिकटतंय.
‘ळ’ला थोडा जोर लागतो.