जाऊ

तूर अब्दीनच्या या टेकडीवर
घंटा वाजली की आम्ही पाच जण निघतो.

जाऊ, जाऊ म्हणत बाकीचे गेले,
कुणी स्वीडनला, कुणी जर्मनीला.
किल्ल्या माझ्या खुंटीला.
अकरा घरं. थंडीआधी
अकरा धाब्यांवर मी माती चोपते,
देवाशी भांडत.

मागे राहिली ती माझी जाऊ, सेदे.
नऊ वर्षं अबोला.
अक्रोडाचं झाड कुंपणाच्या अलीकडे की पलीकडे,
एवढंच.

उपासनेत अब्बा गौरिये वेदीवरून शांती देतात,
या हातातून त्या हातात.
पूर्वी ती चाळीस बायकांचे तळवे ओलांडत
माझ्यापर्यंत ऊन होऊन यायची.
सेदे दुसऱ्या टोकाला असे.
सोय होती.

आता बायका दोनच.
मधे कुणी नाही.

त्या रविवारी मी मेणबत्तीकडे बघत राहिले.
ती हात पुढे करून उभी.
अब्बा थांबले. कारभारी खोकले.
प्रार्थना पुढे सरकेना.

घेतला मग.
खरखरीत, आंबलेल्या पिठाचा वास,
करंगळीपाशी भाजल्याचा जुना व्रण,
माझ्याच लग्नाच्या भाकरी
तंदूरला लावताना उठलेला.
विसरले होते मी.

अक्रोडाबद्दल अजून बोललो नाही.

काल मुलाचा फोन:
आई, तिथे आता कोण आहे तुझं?
मी म्हटलं, जाऊ.
त्याला वाटलं, निघायचं ठरलं.
तिकीट काढतो म्हणाला.

हसू दाबत मी कणकेचा गोळा तोडला,
अर्धा फडक्यात बांधला
आणि कुंपणाकडे निघाले.